उभ्या बाटलीवरचा शिक्का

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवाला तर मुळीच नाही — त्याला ठाऊक असणारच, मग आपण होऊन विषय कशाला काढा? तुम्हाला सांगते. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, हे एक बरं आहे.

आधी तेव्हाची मी बघून घ्या. चाळिशी ओलांडलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, कडक इस्त्रीची साडी, आणि चेहऱ्यावर कायम सोसल्याचा भाव. सोसणं आपल्याला फार शोभतं असं त्या बाईला वाटायचं! आता तिचा फोटो बघितला की हसू येतं. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. अप्पा — म्हणजे आमचे हे, नातवंडांमुळं मीही आता अप्पाच म्हणते — चिकलठाण्याला एका कंपनीत मशीनवर होते. आमच्या वसाहतीच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान होतं, आणि पाळी सुटली की अप्पा घराच्या आधी तिथं जायचे.

अप्पा पिऊन मारझोड करणारे नव्हते. हे सांगायला हवं, नाहीतर तुम्ही उगाच माझी बाजू घ्याल. यायचे, चार घास खायचे, नाहीतर तसेच झोपायचे. सकाळी मात्र लाजेनं त्यांची मान वर होत नसे. आणि मला जे काही मागायचं असेल ते मी नेमकं तेव्हाच मागायची. नवा कुकर? हो. गंगापूरला माहेरी आठ दिवस? हो. चहाच्या कपात बघत ‘हो’ म्हणायचे बिचारे.

नोकरीसुद्धा मी अशीच मिळवली. लग्न झालं तेव्हा याच माणसानं सांगितलं होतं, आमच्या घरातल्या बायका कंपनीत जात नाहीत. पुढं पिणं वाढलं, पगार पुरेना, आणि एका सकाळी मी विचारलं. मान खाली होतीच. मी औषधाच्या गोळ्या पॅक करायच्या कामाला लागले. डोक्यावर प्लास्टिकची टोपी, पायात पांढऱ्या चपला, डब्यात मला आवडते ती भाजी, आणि जेवणाच्या सुटीत मनसोक्त चेष्टा. काय सुख होतं ते! त्या टोपीत मी बावळट दिसायची, पण ती माझी टोपी होती.

आणि गुरुवारी? गुरुवारी माझा कडकडीत उपास. कशासाठी, तर यांची दारू सुटावी म्हणून. सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं. संध्याकाळी देवळात भजनाला गेले की बायका हळूच विचारायच्या, ‘काही फरक?’ मी नुसता उसासा टाकायची. उसासा फार छान टाकता यायचा मला.

अशात आमच्या कमलनं दुकान बंद करायची मोहीम काढली. कमल शेजारची. तिचा नवरा अप्पांपेक्षा पुष्कळ जास्त प्यायचा, आणि तो हातही उचलायचा. आडवी बाटली, उभी बाटली — तुम्ही ऐकलं असेल. बायकांचं गुप्त मतदान असतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, दुकान नको असेल तर आडव्या बाटलीवर शिक्का, हवं असेल तर उभ्या. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी केली तरच दुकान जातं. कमल उन्हातान्हात सह्या घेत हिंडली. मी बरोबर. सभेत तर मी अशी काही बोलले — पिणाऱ्याच्या चालीची नक्कल करून दाखवली, साडीचा पदर सावरत, भिंतीला धडकत. बायका हसून हसून रडल्या. कमलनं मला मिठीच मारली.

मतदान महापालिकेच्या शाळेत होतं. पुठ्ठ्याच्या आडोशामागं मी एकटी. हातात शिक्का. चिठ्ठीवरची आडवी बाटली अगदी झोपलेल्या अप्पांसारखी दिसत होती, मला हसूही आलं. आणि मग — कसं सांगू? — मला ती सकाळ दिसली. दुकान नाही, दारू नाही, अप्पा ताजेतवाने उठलेत, मान वर आहे, आणि म्हणताहेत, ‘बास झालं आता तुझं कंपनीत जाणं.’

मी उभ्या बाटलीवर शिक्का मारला. चांगला दाबून.

गुरुवार होता का? नव्हता. असता तरी मारला असता.

हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी कमी पडलं. दुकान राहिलं. माझ्या एका मतानं राहिलं असं नाही, पण हा हिशेब मी माझ्या सोयीसाठी इतक्या वेळा केलाय की आता मलाच त्याची लाज वाटते. आणि नुसतं तेवढंच असतं तर कदाचित ते गुपित माझ्याबरोबरच चितेवर गेलं असतं. पण त्या संध्याकाळी कमल माझ्या ओट्यावर बसून रडत होती. ‘कोण गं फुटलं आपल्यातलं?’ म्हणाली. तिनं वर बघितलं तर? चेहऱ्यावरून ओळखलं तर? आणि मी म्हणाले, ‘त्या दुकानावर गाडा कुणाचा चालतो? विचार कर की.’

गाडा रुक्मिणचा होता. दुकानाबाहेर उकडलेली अंडी आणि फुटाणे विकायची. पिशोर गावाकडची, धनगराघरची बाई. नवरा गेल्यावर शहरात आलेली. दर गुरुवारी गाडा लवकर आवरून भजनाला यायची. आवाज असा, की ती गायला लागली की आम्ही सगळ्या नुसत्या टाळ्यांच्या धनी. मला तिचा थोडा मत्सरही वाटायचा — आता लपवायचं काय?

पुढच्या गुरुवारी ती आली तर सतरंजीवर कुणी सरकून जागा देईना. ती जरा वेळ उभी राहिली, मग खांबाजवळ फरशीवर बसली. त्यानंतर यायची बंद झाली. आणि मी — मी मोठ्यानं आरती म्हटली.

कमलचा नवरा दोन-तीन वर्षांनी त्याच दुकानासमोर पडला, तो उठलाच नाही. ती लेकीकडे कन्नडला निघून गेली. जाताना मला म्हणाली, ‘तू होतीस म्हणून दिवस काढले.’

आता पुढचं ऐका. अप्पांची दारू सुटली. माझ्या उपासांनी नाही. रुक्मिणनं सोडवली. अप्पा रोज तिच्या गाड्यावर अंडं खायचे, आणि एका संध्याकाळी तिनं दिलंच नाही. चारचौघांत म्हणाली, ‘भाऊ, आज अंडं नाय. माझ्यासंगं चला.’ बाईमाणसाला लोकांसमोर नाही कसं म्हणायचं, म्हणून हे निमूट निघाले. तिच्या भावानं दारू सोडली होती. तो अन् त्याच्यासारखे लोक एकत्र बसायचे, आपापलं बोलायचे. कुठं, तर त्याच महापालिकेच्या शाळेत. रुक्मिणनं ह्यांना दारापर्यंत सोडलं. दुसऱ्या वेळी परत सोडलं. मधे अप्पा दोनदा घसरले, तर ही बया घरी येऊन दारातून ओरडली, ‘भाऊ, चला!’ मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. डोळ्याला डोळा कसा देणार होते?

पण सुटली. आणि मी ज्या सकाळीला घाबरून तो शिक्का मारला होता, ती सकाळ आली. मी सवयीनं चहाच्या वेळेला विचारलं, ‘मोठा फ्रीज घेऊ या का?’ अप्पांनी मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, ‘कशाला? आहे तो चालतोय की.’ नाही म्हणाले! मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेले. पोळी लाटताना लक्षात आलं, या माणसाचे डोळे तपकिरी आहेत हे मी विसरूनच गेले होते.

कंपनी सोड असं ते कधीच म्हणाले नाहीत. माझी दुसरी पाळी असली की खिचडी करून ठेवायचे, मीठ दोनदा घातलेली. मी ती टोपी पुढं कितीतरी वर्षं घातली आणि माझ्या मनानं उतरवली. कशाला घाबरले होते मी? ज्या माणसाला मी ओळखतच नव्हते, त्याला? आज ते सकाळी आल्याचा चहा करतात, नातीची वेणी घालतात, तिरकी. रोज सकाळी मी आधी त्यांच्या पावलांचा आवाज ऐकते, आणि छाती भरून येते. एवढं मला मिळालं. ज्या बाईच्या हातून मिळालं, तिच्याशी मी काय केलं होतं ते तुम्ही ऐकलंतच.

दर वर्षी त्या दारू सोडलेल्या लोकांचा कार्यक्रम असतो. अप्पा उभे राहून म्हणतात, ‘रुक्मिणताईंनी हात धरला, पण त्यांना पाठवलं माझ्या बायकोच्या गुरुवारांनी.’ एकदा मला शाल-नारळ दिलं. रुक्मिण मागच्या ओळीत बसून टाळ्या वाजवत होती. ती शाल कपाटात आहे, आजवर घडी मोडलेली नाही.

तिला भजनात परत मीच आणलं. हात धरून आणलं, सतरंजीवर सरकून जागा दिली. बायका मला म्हणाल्या, माई, तुमचं मन केवढं मोठं! मी तेही ऐकून घेतलं.

मागच्या महिन्यात प्रसादाची केळी सोलत बसलो होतो. कुणीतरी जुनं मतदान काढलं. रुक्मिण सहज म्हणाली, ‘मी तर आडवीच केली होती वैनी. गाडा बसला असता, बसू दे म्हटलं. रोज सांजच्याला ती माणसं बघवत नव्हती. पण माझंच नाव कुणी घेतलं, ते काय आजपर्यंत कळलं नाय बघा.’ आणि हसली. राग नाही, काही नाही. माझ्या हातात केळ होतं. मी ते सोलत राहिले.

कुणी म्हणेल, दुकान राहिलं म्हणून तर गाडा राहिला, अन् गाडा होता म्हणून अप्पा वाचले. नको. कमलसमोर बसून मला हे म्हणता येईल का? नाही येणार. तेव्हा ते राहू द्या.

अप्पांना आज चहाच्या वेळेला सांगणार आहे. त्यांची मान वर असेल, माझी खाली. कमलकडे एसटीनं जाईन, फोनवर सांगायची ही गोष्ट नाही. आणि गुरुवारी देवळात, भजन सुरू व्हायच्या आधी, सगळ्या जमल्यावर — कारण ते नाव मी तिथंच पसरू दिलं होतं — उभी राहून सांगेन की तो शिक्का माझा, आणि ते नाव घेणारं तोंडही माझं.

मग रुक्मिणनं सरकून जागा द्यायची की नाही, ते तिचं. खांबाजवळची फरशी मला ठाऊक आहे.