मेव्हण्याचा काटकोन

माझा मेव्हणा घरी आला की आधी भिंतीवरचा फोटो सरळ करतो, मगच चहा घेतो. तो गेला की बायको तोच फोटो पुन्हा सरळ करते. एरवी भावाबद्दल ती एक शब्द ऐकून घेत नाही, पण फोटोच्या बाबतीत तिने माहेरची बाजू कधी घेतलेली नाही.

हा सुतार. कॉलेजात दोनदा आपटल्यावर सासऱ्यांनी त्याला एका मिस्त्रींच्या हाताखाली घातलं. मिस्त्री शिकवत नसत. ते काम करत आणि खोकत. ज्याला शिकायचं त्याने बघावं. पहिलं वर्षभर मेव्हण्याने भुसा झाडला, दुसऱ्या वर्षी पटाशीला धार लावली आणि तिसऱ्या वर्षी ती स्वतःच्या अंगठ्यावर तपासली. हळूहळू हात बसला. करवत कशी धरायची, रंधा कुठे दाबायचा, सगळं त्याने मिस्त्रींकडून उचललं. खोकलासुद्धा. बावीस वर्षांत दोघांनी निम्म्या वस्तीची दारं केली.

मग मिस्त्रींचे गुडघे गेले आणि दुकान बंद झालं. जाताना त्यांनी आपला जुना गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, याच्या हातात ठेवला. तो घेऊन बेचाळिसाव्या वर्षी मेव्हणा एका मोठ्या कारखान्यात परीक्षेला उभा राहिला. पास झाला तर मिस्त्रीची नोकरी, नाहीतर घरी. काम सोपं होतं. एक चौकट करायची आणि कारखान्यात बनलेलं तयार दार तिच्यात बसवायचं.

दार बसेना. वर अडलं, खाली बोटभर फट. तिथल्या मुख्य बाईंनी पोलादी गुण्या लावला. चारही कोपरे तिरके. त्यांनी समजूतदारपणे तो पोलादी गुण्या त्यालाच दिला आणि पुन्हा करायला सांगितलं. त्याने रेघा बरोबर मारल्या. पण त्या त्याला तिरक्या दिसायला लागल्या, आणि त्याने रंधा घेऊन कडा ‘सुधारल्या’.

"हात चांगला आहे हो तुमचा, पण डोळा बिघडलाय," बाई म्हणाल्या. "तो आता कुठून दुरुस्त करणार?"

तिथून तो थेट माझ्याकडे आला, आणि आम्ही दोघं मिस्त्रींकडे गेलो. ते खाटेवर पडून होते. गुण्या हातात घेऊन त्यांनी सांगितलं की मेव्हणा येण्याआधीच हा एकदा पडून वाकला होता.

"तुम्हाला माहीत होतं?" मेव्हण्याने विचारलं.

"होतं की. चौकटही त्याच्यावर, दारही त्याच्यावर. दोन्ही एकमेकांत बसायची. कुणी तक्रार केली?"

"मला तरी सांगायचं."

मिस्त्री बराच वेळ खोकले. "मला वाटलं, तू कायम माझ्याकडेच राहणार," ते म्हणाले.

यावर मेव्हणा भांडेल अशी माझी आशा होती. तो उठला, मिस्त्रींच्या उशाशी पाणी ठेवलं आणि बाहेर आला. रस्त्यात मी काहीतरी विनोद शोधत होतो. विनोद हा माझा धंदाच.

"दाजी," शेवटी तोच म्हणाला, "उद्यापासून कारखान्यात फळ्या उतरवायला ये म्हणाल्यात बाई. जातो. फक्त मापाला हात लावायचा नाही, एवढीच अट आहे."