बऱ्या माणसांचं पान

पासष्ट सालच्या लढाईच्या वेळी मी वीस वर्षांची होते आणि जबलपुरात, बारूद भरायच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात कारकून म्हणून नुकतीच लागले होते. काम साधं होतं. रोग्याचं नाव, वय, खातं आणि तक्रार रजिस्टरात उतरवायची, की माझं संपलं. बाबा त्याच कारखान्यात फिलिंगमध्ये होते, म्हणजे तोफगोळ्यांत पिवळी बारूद भरतात त्या खात्यात. आम्ही राहायचोही कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये.

लढाई संपली, दसरा झाला, आणि त्याच सुमाराला रजिस्टरात एकच तक्रार पुन्हा पुन्हा यायला लागली. भूक नाही, मळमळतं, अंगात कणकण. मला त्यात काही दिसलं नव्हतं. आमच्या डॉक्टरबाईंना दिसलं. त्या नागपूरच्या, पन्नाशीच्या, बोलायला थोड्या तुटक. एका कामगाराला त्यांनी खिडकीपाशी उजेडात उभं केलं, खालची पापणी ओढली आणि मला बोलावलं.

"बघ. काय दिसतं?"

डोळ्याचा पांढरा भाग हळदीचं बोट लागल्यासारखा पिवळा झाला होता.

आठवड्याभरात 'कावीळ' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. पहिला संशय बारुदीवर गेला. फिलिंगवाल्यांचे हात आणि केस त्या भुकटीनं आधीच पिवळे पडायचे, आता डोळे पिवळे झाले म्हटल्यावर वेगळं काय वाटणार? काही जणांनी खात्यात पाऊल टाकायला नकार दिला. दुसरे म्हणायचे, दुश्मनानं पाण्यात जहर घातलं.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, "लोक म्हणतात ते खरं आहे का?"

"बारुदीनं कावीळ होऊ शकते, ते खोटं नाही," त्या म्हणाल्या. "पण या वेळी तिच्यामुळेच झाली का, ते वेगळं. तुझं रजिस्टर आण."

त्यांनी मला एक कोरी वही दिली आणि तीन गोष्टी काढायला सांगितल्या: कोणाला झाली, ते राहतात आणि काम करतात कुठे, आणि पहिला त्रास कोणत्या दिवशी झाला. दोन महिने मीच लिहिलेलं ते रजिस्टर मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. फिलिंगचे लोक त्यात होते, पण फाटकावरचा चौकीदारही होता. गोहलपुराहून सायकलने येणारे दोन सुतार होते, त्यांनी बारूद कधी हातात धरली नव्हती. आमच्या शेजारच्या क्वार्टरमधली सून होती, तिला सातवा महिना होता. आणि नेपियर टाउनमधल्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडून कळलं, की तिकडच्या एका शाळामास्तरीणबाईंनाही कावीळ झाली आहे. मास्तरीणबाईंचा आणि बारुदीचा संबंध काय?

मी रोग्यांना आदल्या दिवशी काय खाल्लं-प्यायलं ते विचारत बसले. डॉक्टरबाईंनी वही पाहिली आणि सगळं पान आडवी रेघ मारून खोडलं.

"कालचं काय विचारतेस? ही कावीळ आत शिरली की तीन ते सहा आठवडे गप्प बसते. महिन्यापूर्वीचं विचार."

"महिन्यापूर्वीचं कोणाला आठवणार?"

"या वर्षी आठवेल," त्या म्हणाल्या.

खरंच आठवलं. महिन्यापूर्वी लढाई चालू होती. कोणत्या दिवशी भोंगा झाला, कोण कुठल्या खंदकात शिरलं, कोणी सलग दोन पाळ्या केल्या, सगळं लोकांना लख्ख आठवत होतं. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात एक गोष्ट येत होती. दुपारी पाळी बदलताना फाटकापाशी मिळायचं ते लिंबाचं सरबत.

ते ऐकताना मला आनंद झाला. आपण काही शोधून काढलं असं वाटलं. तो आनंद कशावर उभा आहे ते माझ्या ध्यानात यायला आणखी एक दिवस लागला.

डॉक्टरबाईंना मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आजारी माणसांनी सरबत प्यायलं. ठीक. पण बऱ्या माणसांनीही तितकंच प्यायलं असेल तर? एक पान बऱ्या लोकांचं कर."

हे काम फार विचित्र होतं. आजारी माणूस बोलायला तयार असतो. धडधाकट माणसाला वाटतं, ही पोरगी आपला वेळ खाते आहे. एक काकू तर चिडल्याच, "मला काहीच झालं नाही, मग मला काहून विचारून राहिली?" मी म्हटलं, "काकू, काही झालं नाही म्हणूनच." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दवाखान्यात काम करून माझंच डोकं बिघडलं असावं.

संध्याकाळी घरी जेवताना मी बाबांना वहीत घेतलं. ते फिलिंगमध्ये सतरा वर्षं होते, हात कोपरापर्यंत पिवळे, आणि तब्येत ठणठणीत.

"बाबा, फाटकावरचं सरबत तुम्ही प्यायलात?"

"मला गोड कुठे चालतं? साखरेचा रोग आहे न मला. मी आपला कँटीनचा बिनसाखरेचा चहा घेत होतो."

उकळलेला चहा. मी ते लिहिलं आणि पेन तसंच हातात राहिलं. कारण सरबत करायला क्वार्टरमधल्या बायकांना जमवलं होतं ते माझ्या आईनं. आणि नेपियर टाउनच्या त्या मास्तरीणबाई म्हणजे आईच्या मदतीला येणारी तिचीच मैत्रीण, हेही मला तेव्हाच उमगलं. त्या दिवसांत आई उन्हात उभी राहून बारा-बारा तास राबलेल्या माणसांच्या हातात पेले देत होती, आणि मला तिचा फार अभिमान वाटत होता.

आई पोळी वाढत होती. मी विचारलं, "आई, सरबताला पाणी कुठलं घेत होता तुम्ही?"

"नळाला कुठे पाणी होतं तेव्हा? सगळं कारखान्यात जात होतं. क्वार्टरमागच्या विहिरीचं घेत होतो. चांगलं गार होतं." मग ती थांबली. "काहून?"

मी म्हटलं, असंच. पहिल्यांदाच त्या वहीतली गोष्ट मी लपवली.

सकाळी डॉक्टरबाईंना घेऊन विहिरीवर गेले. कठडा ढोपराएवढा. त्याला लागूनच लढाईच्या पहिल्या दिवसांत खणलेला खंदक होता, कारण तिथली माती मऊ होती. सप्टेंबरच्या पावसानं तो भरला होता, आणि दूरच्या संडासाला जायचा कंटाळा करणाऱ्यांनी त्याचा काय उपयोग केला होता ते वासावरूनच कळत होतं. खंदकाच्या काठापासून विहिरीपर्यंत पाणी वाहून गेल्याची खूण अजून दिसत होती.

बऱ्या माणसांच्या पानावर सरबत न प्यालेलेच जास्त निघाले. पण सगळेच नव्हे. काही जण पेलेच्या पेले पिऊन ठणठणीत होते, त्यात माझी आई पहिली.

"मग आपलं चुकलं का?" मी विचारलं.

"आईला विचार, लहानपणी कावीळ झाली होती का. एकदा झालेल्याला बहुधा पुन्हा होत नाही."

त्या दिवशी मी आईला सगळं सांगितलं. वही पुढे ठेवून, एकेक घर दाखवत.  कावीळ झाली होती का विचारल्यावर म्हणाली, "पाटनला असताना झाली होती, मी इवलीशी होते. वैदूनं गळ्यात माळ घातली होती." आणि मग, "शेजारच्या सुनेला मीच पेला दिला होता."

ती सून तेव्हा मोठ्या दवाखान्यात होती. गरोदर बाईला ही कावीळ फार जड जाते. दिवाळीच्या आधी तिचं बाळ गेलं. ती स्वतः वाचली, महिन्याभरानं घरी आली, हातापायांच्या काड्या झालेल्या. आई त्याच दिवशी तिच्याकडे गेली. मला नको म्हणाली, पण मी मागोमाग गेलेच.

आई दारातच उभी राहून म्हणाली, "बेटा, ते सरबत मी केलं होतं. पाणी वाईट होतं. मला माहीत नव्हतं."

सून भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "दूसरा गिलास तो मैंने ही माँगा था, भाभीजी. बहुत अच्छा लगा था."

आई तिच्याजवळ जाऊन बसली. पुढे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी बाहेर आले होते.

खंदक बुजवला. विहीर उपसली, पांढरी जंतुनाशक पूड टाकली, कठडा उंच केला. आई घरोघर जाऊन पाणी उकळा म्हणून सांगायची, आणि कोणी विचारलं तर काहून ते न लपवता सांगायची. तरी नवे रोगी येतच होते. लोक म्हणाले, बघा, पुडीनं काही होत नाही. मी वहीतल्या तारखा दाखवायचे: यांच्या आत ती आधीच शिरलेली आहे, अजून काही आठवडे थांबा. सांगताना माझाच धीर सुटायचा. शिवाय डॉक्टरबाईंनी एक शंका माझ्या डोक्यात घालून ठेवली होती. सरबत तर लढाई संपली तेव्हाच बंद झालं होतं, मग साथ आपण थांबवली, की ती आपोआपच ओसरणार होती? विहिरीचं पाणी काही घरं लढाईनंतरही वापरत होती, एवढंच आमच्या बाजूनं होतं. पूर्ण उत्तर मला आजही देता येत नाही. पुढे आरोग्य खात्यात सगळी नोकरी केली ती बहुधा त्या प्रश्नाच्या नादानंच.

थंडी पडल्यावर एक आठवडा असा आला, की काविळीचा एकही नवा रोगी नाही. मी त्या रकान्यात एक रेघ ओढून वही डॉक्टरबाईंपुढे ठेवली.

"रेघ का?"

"कोणी नाही म्हणून."

"सगळ्या घरांत विचारलंस?"

"हो. प्रत्येक घरात."

"मग शून्य लिही. रेघ पाहून कोणालाही वाटेल, विचारायला कोणी गेलंच नाही."

मी रेघ खोडून शून्य काढलं, जरा मोठंच.