वाचून दाखव

त्या सरांबरोबर मी एकाच शाळेत अकरा वर्षं शिकवलं आणि त्यातली शेवटची सात वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या समोरासमोर होत्या. मधल्या टेबलावर हजेरीची रजिस्टरं असायची. ती मी एकावर एक रचून ठेवायचे, म्हणजे मान वर केली तरी त्यांचा चेहरा दिसायला नको.

शाळा सरकारी, मुलींची, आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात महाराजपूरच्या बाजूला. मी गणित शिकवायचे, ते विज्ञान. घरी आम्ही मराठी बोलतो, पण शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की हिंदी. भांडणंसुद्धा हिंदीतच; इथे माझं बोलणं तेवढं मराठीत सांगतेय. मराठीत भांडायला माझ्याकडे फक्त नवरा होता.

सरांचा कोचिंग क्लास अधारतालला त्यांच्या घरातच चालायचा. सरकारी शिक्षकाला त्याची परवानगी नाही, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. वर्गात ते धडा निम्म्यापर्यंत आणायचे आणि पुस्तक मिटायचे. ‘बाकी शाम को,’ म्हणायचे. ज्या मुली संध्याकाळी जायच्या त्यांना उरलेला धडा कळायचा. ज्यांना परवडत नव्हतं त्या दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घ्यायच्या.

एकदा मी हे स्टाफच्या मीटिंगमध्ये तोंडावर बोलले. ते चिडले नाहीत. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “मैडम, आपका बेटा कौन से सरकारी स्कूल में पढ़ता है?”

माझा मुलगा इंग्रजी शाळेत होता. सगळे हसले. मी हसले नाही आणि ते हसू विसरलेही नाही.

त्या काळात आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा नियम होता. त्यामुळे नववीत पोरी यायच्या आणि तिथे सगळं उघडं पडायचं. मग वरून आदेश आला. नववीच्या सुरुवातीला सगळ्यांची चाचणी घ्या, ज्या मागे आहेत त्यांना अभ्यासक्रम बाजूला ठेवून तीन महिने पाचवी-सहावीचं शिकवा, आणि शेवटी पुन्हा चाचणी घेऊन निकाल पाठवा. प्राचार्य मॅडमनी तो वर्ग माझ्या गळ्यात घातला. “आप ही को बहुत चिंता है न बच्चियों की,” म्हणाल्या. मला शिक्षा म्हणून दिलेलं काम होतं ते. मी दात-ओठ खात घेतलं.

त्या वर्गात एक मुलगी होती. सडपातळ, दोन घट्ट वेण्या, ओढणीला पिन लावलेली. तिच्यासारखी वही शाळेत कुणाची नव्हती. समास आखलेला, अक्षर मोत्यासारखं, फळ्यावरची माझी चूकसुद्धा तशीच्या तशी उतरवलेली. पहिले दोन आठवडे मला वाटलं, ही चुकून या वर्गात आली. मग एका दुपारी मी तिला पुस्तकातलं शाब्दिक उदाहरण वाचायला सांगितलं. ती उठली, पुस्तक दोन्ही हातांत धरलं आणि आदल्या दिवशीचं उदाहरण घडाघडा म्हणून दाखवलं. पानावर टाकीतून पाणी गळत होतं. ती दुकानदार आणि आंब्यांचं बोलत होती.

वर्गात खसखस पिकली. मी म्हटलं, “बोटानं दाखव, कुठे लिहिलंय आंबे?”

तिनं पुस्तक बाकावर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. पुढच्या काही महिन्यांत ती नजर माझ्या चांगलीच ओळखीची झाली. त्यात लाज नव्हती. राग होता.

नववीतल्या मुलीला वाचता येत नव्हतं. आठ वर्षं तिनं अक्षरांची चित्रं काढली होती आणि आठ वर्षं कुणीतरी त्या चित्रांना मार्क दिले होते.

मी तिला शाळा सुटल्यावर तासभर थांबवायला लागले. सुरुवातीला इतर चार-पाच जणी होत्या, मग एकेक करून गळाल्या. तिला मी गळू दिलं नाही. फाटकाशी उभी राहून हाताला धरून परत आणायचे. ती हाताची घडी घालून बसायची. मी अक्षर दाखवलं की खिडकीबाहेर बघायची. एकदा म्हणाली, “आपकी मुझसे क्या दुश्मनी है?”

मी म्हटलं, “तुझ्याशी नाही. तुला इथवर ढकलणाऱ्यांशी आहे.”

“तो उनको बिठाइए न यहाँ,” ती म्हणाली.

आठवड्याभरात तिची आई आली. घरी शिलाई करणारी बाई. कपड्यांना चिकटलेले दोऱ्याचे तुकडे न झटकताच धावत आलेली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिनं आठवीची मार्कशीट काढली आणि माझ्या टेबलावर आपटली.

“पढ़िए. पास लिखा है कि नहीं?”

“लिहिलंय.”

“फिर आपने पूरी क्लास में कैसे बोल दिया कि मेरी लड़की को पढ़ना नहीं आता? यह कागज़ झूठा है क्या?”

“हो,” मी म्हटलं, “खोटा आहे.”

तिनं कागद पुन्हा घडी करून पिशवीत घातला. सावकाश. मग म्हणाली, “झूठ सरकार ने लिखा. और बेइज़्ज़ती मेरी लड़की की.” समोरच्या खुर्चीवर सर बसले होते. ते वर्तमानपत्राआडून ऐकत होते, आणि मला कळत होतं की त्यांना बरं वाटतंय.

तरी मी सोडलं नाही. काना, वेलांटी, उकार. जोडाक्षरं नंतर. सप्टेंबर उजाडेपर्यंत ती एकेक ओळ वाचायला लागली. पण सगळे गेल्यावरच. दार लोटून घ्यावं लागायचं. आवाज इतका बारीक की मी तिच्याकडे झुकायचे तर ती तेवढीच मागे सरकायची. एक दिवस तिनं टाकीचं उदाहरण पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या प्रश्नचिन्हाशी थांबून स्वतःच म्हणाली, “अच्छा, तो टंकी खाली हो रही है.” तिला पहिल्यांदाच वाचलेल्याचा अर्थ लागला होता. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मी म्हटलं, “उद्या पुढचं पान.” घरी जाऊन नवऱ्याला मात्र तीनदा सांगितलं.

शेवटच्या चाचणीची जबाबदारी प्राचार्यांनी सरांना दिली. मी खडू आणायला त्या वर्गावरून गेले तर फळ्यावर सगळी उत्तरं ओळीनं लिहिलेली. सर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. मुली उतरवत होत्या. ती सगळ्यांत सुंदर उतरवत होती.

मी प्राचार्यांच्या खोलीत शिरले. त्यांनी ऐकून घेतलं आणि निकालाचा कागद माझ्याकडे सरकवला. “ऊपर सबको स्तर पर दिखाना है. आपकी ही मेहनत दिखेगी, मैडम. साइन कीजिए.”

मी सही केली नाही. त्यांनी तो माझ्या सहीशिवाय पाठवला.

पुढच्या आठवड्यात जिल्हा कार्यालयातून साहेब पाहणीला आले. नववीत बसले. प्राचार्यांनी सांगितलं, सगळ्या मुली स्तरावर, म्हणजे नववीच्या पातळीला आल्या. सरांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे केला, सगळ्यांत वर तिची. साहेब खूश झाले. “वाह, क्या लिखावट है!” मी मागच्या भिंतीशी उभी होते. सरांचं ते वर्तमानपत्र, तो चहाचा कप, मीटिंगमधलं हसणं, सगळं एकदम वर आलं.

मी पुढे गेले. “साहेब, लिहिलेलं राहू द्या. तिला वाचायला लावा.”

मी तिला म्हटलं, “उभी राहा. वाचून दाखव.”

आता जे सांगते ते मी त्या वेळी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी टाकीचं उदाहरण उघडू शकत होते. तिला येणारी निदान दहा पानं मला पाठ होती. मी विज्ञानाचं पुस्तक उचललं आणि त्यातलं जोडाक्षरांनी भरलेलं पान काढून तिच्या हातात दिलं. तिला ते येणार नाही हे मला माहीत होतं. ते येऊ नये हेच मला हवं होतं.

तिनं पान बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. पुस्तक हातात धरून ती उभी राहिली, ओठसुद्धा हलवले नाहीत. शेवटी साहेबच म्हणाले, “बैठ जाओ, बेटा.” सर जमिनीकडे बघत होते. मी जिंकले होते, असं मला अगदी पायऱ्या उतरेपर्यंत वाटत होतं.

नोटीस आली ती मला. तीन महिने वर्गाच्या प्रभारी आपण असताना विद्यार्थिनी स्तरावर का आल्या नाहीत, खुलासा करावा. सरांना काही नाही, प्राचार्यांना काही नाही. आणि ती मुलगी शाळेत यायची थांबली.

मी तिच्या घरी गेले. आईनं मला बघितलं आणि शिलाई मशीन थांबवलं नाही. त्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागत होतं. मी म्हटलं, तिला पाठवा, मी सांभाळून घेईन. आई कापड फिरवत म्हणाली, “आपको जो दिखाना था, दिखा दिया न? अब क्या दिखाना है?” मुलगी आत होती. भांडी घासल्याचा आवाज थांबला होता. ती बाहेर आली नाही.

रात्री जेवताना मी सरांना, प्राचार्यांना, साहेबांना, सगळ्यांना शिव्या घातल्या. नवरा फॅक्टरीतला माणूस, कमी बोलणारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण तू त्या पोरीले काहून उभी केली? उभं तर त्याले करायचं होतं ना?”

मी ताट तसंच ठेवून उठले. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याचं बरोबर होतं म्हणूनच.

दिवाळीनंतर ती परत आली. माझ्या तासाला बसायची, उतरवायची, मान वर करायची नाही. शाळा सुटल्यावर मी वर्गात थांबायचे. ती फाटकातून सरळ निघून जायची, आता मला तिचा हात धरायची हिंमत नव्हती. मग एका मुलीकडून कळलं, ती रोज संध्याकाळी सरांच्या कोचिंगला जाते. फी घेत नाहीत म्हणे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसानं फळ्यावर उत्तरं लिहिली, तो आता दानशूर झाला होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. “तिला फुकट शिकवताय ते मला खाली बघायला लावण्यासाठी ना?”

ते म्हणाले, “आप जो समझें.”

“तिला अजून जोडाक्षरंही धड येत नाहीत. तुम्ही काय विज्ञान शिकवणार?”

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचं ते बेरकी हसू नव्हतं. “पढ़ना आता है उसे, मैडम. आपके सामने नहीं आता.”

आमचं ते शेवटचं बोलणं.

ती दहावी झाली. गणितात एकदा राहिली, पुरवणी परीक्षेत सुटली. मी नोटिशीचा खुलासा लिहून दिला, त्यात स्वतःला वाचवणारं एकही वाक्य घातलं नाही, पण त्या पानाबद्दलही लिहिलं नाही. वर्गात मोठ्यानं वाचायला लावणं मात्र मी त्यानंतर सोडलं. एकेकीला जवळ बोलावून हळू आवाजात ऐकते. वेळ लागतो, अभ्यासक्रम मागे राहतो, त्यावरूनही बोलणी खाल्ली.

सरांना मी माफ केलं नाही. एका मुलीला फुकट शिकवलं म्हणून बाकीच्यांचे निम्मे धडे भरून येत नाहीत. ‘बाकी शाम को’ निवृत्तीच्या आदल्या दिवसापर्यंत चालू होतं. गेल्या वर्षी त्यांचा निरोपसमारंभ झाला तेव्हा मी सुट्टी टाकली. खरं सांगायचं तर मी तिथं गेले असते आणि कुणीतरी त्या मुलीचं नाव काढलं असतं, तर मला उभं राहता आलं नसतं.

मागच्या महिन्यात ओमतीच्या बाजारात चपला घ्यायला गेले होते. दुकानात वरच्या मजल्यावर बायकांचा विभाग. एक मुलगी खोके काढून देत होती. तीच. वेण्या गेल्या होत्या, केस मागे बांधलेले. तिनं मला ओळखलं हे तिच्या हातातलं खोकं थांबलं त्यावरून कळलं. खोक्यावरचा नंबर वाचला, जोडी काढली आणि माझ्यापुढे जमिनीवर ठेवली. शेजारच्या बाईच्या पायात ती वाकून चपला घालून देत होती. माझ्या वेळी वाकली नाही.

मी म्हटलं, “त्या दिवशी मी मुद्दाम ते पान दिलं होतं. माझं चुकलं.”

तिनं विचारलं, “किस दिन, मैडम?”

तिला खरंच आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, मला कळलं नाही. तेवढ्यात कुणीतरी पाच नंबरची काळी मागितली. ती “लाई दीदी” म्हणत शिडीवर चढली. मी चपला घालून बघितल्या, टाचेला घट्ट होत होत्या. परत खोक्यात ठेवल्या आणि खाली उतरले.