समुद्रातली कॉफीबाग

कॉफी उत्पादकांच्या संस्थेत ती बारा वर्षं नोंदणीचं काम करत होती. टेकडीवरच्या बागांच्या हद्दी तिने स्वतः पायी फिरून मोबाइलवर टिपलेल्या, म्हणून सगळे तिला नकाशाताई म्हणत. कॉफी घेणाऱ्या कंपन्या चार. जंगल तोडून बाग केली नाही ना, हे या कंपन्या उपग्रहाच्या चित्रांवरून तपासत. पण प्रत्येकीचा फॉर्म निराळा. एकाच बागेची माहिती चारदा भरताना ताईच्या नाकी नऊ येत.

त्या हंगामात एका कंपनीने नेमकी तिच्या थोरल्या जावेची कॉफी नाकारली. कारण लिहिलं होतं, ‘बाग सापडत नाही.’

जाऊबाई पत्र घेऊन ऑफिसात आल्या. ताईने फॉर्मात भरलेले बागेच्या जागेचे आकडे नकाशावर टाकले, तर खूण भर समुद्रात.

“म्हणजे आता मी मासे विकू?” जाऊबाईंनी विचारलं.

ताईला हसू येईना. ही कंपनी आधी रेखांश मागायची, बाकीच्या तिघी आधी अक्षांश. भरताना उलटापालट झाली होती.

“जाऊबाई, चूक माझीच आहे.”

“अगं, चौघी चार तऱ्हांनी विचारणार, तर तू तरी काय काय लक्षात ठेवशील?”

दुरुस्ती दोन दिवसांत झाली, कॉफीही गेली. पण ताईला चैन पडेना. कुठला आकडा आधी, हद्दीच्या खुणा किती, जंगल कशाला म्हणायचं, हे सगळं तिने एका कागदावर उतरवलं आणि अध्यक्षांच्या मागे लागून चारही कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं.

बैठकीत जो तो आपलाच फॉर्म कसा चांगला ते सांगू लागला. ताईने वाद घातला नाही. सगळ्यांना जाऊबाईंच्या बागेत नेलं, सावलीच्या झाडांखाली उभं केलं आणि म्हणाली, “आता आपापल्या मोबाइलवर बघा, आपण कुठे उभे आहोत.”

दोघांच्या नकाशावर जंगल होतं, एकाच्या बाग, आणि चौथ्याच्या नुसतं माळरान. चौघे एकमेकांच्या मोबाइलमध्ये डोकावू लागले. शेवटी त्यांच्यातले वयस्कर अधिकारी म्हणाले, “बाई, तो तुमचा कागद बघू जरा.”

त्या कागदाचा सर्वांना चालेल असा नमुना व्हायला आठ महिने गेले. तीन कंपन्यांनी तो स्वीकारला. चौथीचा विचार अजून चालूच आहे. तरी ताईचे आठवड्यातले दोन दिवस मोकळे झाले. वरच्या उतारावरच्या ज्या बागांना वेळेअभावी कधी नोंदच मिळाली नव्हती, तिकडे ती आता निघाली. सोबतीला जाऊबाई होत्याच, आणि चार पावलं पुढेच.

“पाय उचल गं,” त्या मागे वळून म्हणाल्या. “अजून सात बागा व्हायच्यात.”