बेल्डनच्या तळ्याचा उतार

"साखळी तू घातलीस न्हवं? मंग तूच सोड. आन् आत्ताच्या आत्ता सोड. माजा तराफा पान्यात जायाचाय."

"बाई, मी विनंती करतोय. पहाटे चारपासून इथं गाड्या येतात. दिवे थेट आमच्या खिडकीत. माणसं मोठमोठ्यानं बोलतात. माझी बायको झोपू शकत नाही."

"तिला रातीचं झोपाया सांग. पहाट उठायासाठी असती."

"हा रस्ता माझ्या कंपाऊंडला लागून आहे."

"रस्ता माज्या आज्याच्या आदीपासून हाय. तुजं कंपाऊंड परवा आलंय."

एवढं बोलून व्हर्ना स्कोग्लंड गाडीत बसली. साखळीचा आकडा तिनं गाडीच्या मागल्या हुकात अडकवला आणि पाय दाबला. साखळी आली, तिच्याबरोबर दोन्ही खांब आले, एका खांबाच्या बुडाला ओल्या सिमेंटचा गोळा होता तोही आला. हे सगळं तिनं व्हिटलोसाहेबाच्या हिरवळीवर नेऊन टाकलं.

ग्रेडन व्हिटलो शिकागोचा. तिथं वकिली करून म्हातारा झाला आणि उरलेला जन्म घालवायला आमच्या बेल्डनच्या तळ्यावर आला. तो चिडला नाही. ही माणसं चिडत नाहीत, हेच त्यांचं वाईट. "ठीक आहे," म्हणाला, "रस्ता गावानं ठेवायचा की सोडायचा, ते गावसभेत ठरू दे."

"ठरू दे की," व्हर्ना म्हणाली. "गाव कुनाचं हाय ते कळंल तुला."

व्हर्नाचा धंदा लाकडी धक्क्यांचा. आमच्या तळ्यावर प्रत्येक बंगल्यापुढं पाण्यात शिरलेला एक धक्का असतो. होडी बांधायला, पाय सोडून बसायला. शरदात तो उचलून काठावर ठेवावा लागतो, नाहीतर बर्फ त्याचा चुरा करतं. बर्फ फुटलं की परत पाण्यात उभा करायचा, आणि दोन्ही वेळा ओझं उचलायला तराफा लागतो. हे काम पूर्वी तिचा बाप एमिल करायचा. त्याचे गुडघे गेले तेव्हा त्यानं छातीपर्यंतची रबरी तुमान पोरीच्या अंगावर फेकली. तुमान ढगळ होती, व्हर्नानं कमरेला दोर आवळला आणि शिरली पाण्यात. तेव्हापासून ती पाण्यातच आहे. लग्न केलं, नवरा तिच्या तोंडाला भिऊन अलास्कात पळाला. तिथली थंडी बरी वाटली त्याला. तिला त्याचं काही वाटलं नाही. त्यानं जाताना चांगला पाना नेला, त्याचं वाटलं.

तोंडानं ती वंगाळच. कुणी "कशी आहेस" विचारलं तर "तुला काय करायचंय" म्हणणार. बंगलेवाल्या बायका तिला लिंबाचं सरबत आणून द्यायच्या, ती ते त्यांच्यादेखत तळ्यात ओतायची. "मासं पित्याल," म्हणायची. तरी बोलवायचे तिलाच, कारण गार पाण्यात उभं राहून लोखंडी पाय तळाच्या चिखलात ठोकायला दुसरं कोण होतं?

आता आमच्या गावाचं सांगतो. तळं लांबट, मक्याच्या कणसासारखं. पूर्व-पश्चिम दोन्ही काठांना आणि उत्तरेच्या टोकाला बंगले. दक्षिणेला दलदल, तिच्यात जंगली भात उगवतो. दलदलीपलीकडं इथले मूळचे ओजिब्वे लोक राहतात. खरं तर सगळं तळंच त्यांचं. आमच्या आज्यांनी त्यांना रेटत रेटत दलदलीपार नेलं आणि देवदाराची झाडं तोडायला घेतली. ओंडके तळ्यातून वाहून करवतीच्या गिरणीत यायचे. झाडं संपली. मग हिवाळ्यात तळ्याचं बर्फ कापून, लाकडाच्या भुशात घालून, आगगाडीनं शहराला पाठवलं. घरोघर फ्रीज आले, बर्फ संपलं. गिरणी जळाली. रूळ उखडून नेले.

उरलो आम्ही आणि बटाटे. आणि इथं आमच्या आज्यांनी मती गहाण टाकली. काठाची जमीन दगडगोट्यांची, तिच्यात बटाटा धरत नाही. म्हणून ती टाकाऊ ठरली. चांगली रानं थोरल्या पोरांना, काठाची जमीन नावडत्या जावयांना. व्हर्नाच्या आज्यानं अर्धा पूर्वकाठ एका लोखंडी चुलीवर आणि घोड्याच्या जोडीवर देऊन टाकला, आणि घेणाऱ्याला कसं बनवलं म्हणून गुत्त्यात बसून हसला. त्यातलं एक घोडं लंगडं निघालं.

आता असं झालंय की गाव तळ्याचं, पाटीवर नाव तळ्याचं, आणि गावाच्या मालकीचा काठ म्हणाल तर व्हिटलोच्या कंपाऊंडलगतचा तो रस्ता जिथं पाण्यात उतरतो, तो एक उतार. एक गाडी आणि मागं होडी जाईल एवढा रुंद. उन्हाळ्यात गावात पाय ठेवायला जागा नसते, हिवाळ्यात सगळं गाव ऑरिन टेशच्या बारमध्ये एका बसणीला मावतं. मावतं म्हणजे मावतंच. शुक्रवारी तळलेला मासा असतो तेव्हा मी डोळ्यांनी बघतो.

तर उतार गेला असता तर व्हर्नाचा तराफा पाण्यात जाणार कुठून? दलदलीतून माणूस जाईल, बर्फ धरल्यावर गाडीही जाईल, पण लोखंडी पिंपांचा, कप्पी बसवलेला तराफा जाणार नाही. तिची भाकरी त्या उतारावरच होती. आमची होडी, आमचा मासा, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून, आत बसून मासे धरायच्या खोपट्या, सगळं तिथूनच.

गावसभेची तारीख लागली. नोव्हेंबरातला शनिवार, हरणाची शिकार उघडते तो.

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडं त्या शनिवारी लग्न होत नाही. माणूस मेला तर सोमवारपर्यंत थांबतो. शाळेला आदल्या दिवशीच सुट्टी. पहाटे सगळे आपापल्या मचाणावर, पोरी-बायकांसकट. तारीख ठरवणारा सभापती पेन्शनीत आलेला बंगलेवाला. त्याला हे ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. मला विचाराल तर होतं.

आदल्या रात्री ऑरिनच्या बारमध्ये सगळे गोळा झालो. ऑरिन व्हर्नाचा मावसभाऊ. एका घरात वाढलेले, दोघंही तोंडाळ.

"धा वाजता सभा हाय," व्हर्ना टेबलावर मूठ आपटून म्हणाली. "जो येनार न्हाई त्येच्या खोपटीला म्या आग लावीन."

"येनार की," ऑरिन म्हणाला. "समदे येनार."

"तू?"

"म्या उजाडंपातूर बसनार. दिसलं तर दिसलं, न्हाईतर उतरून सरळ सभेला."

"आन् दिसलं तर?"

"आगं दिसलं तरी समदा गाव हाय की तितं. एका हातानं काय व्हतंय?"

यावर सगळे हसले. व्हर्नाही हसली. बंगलेवाल्यांना आता इथं मत आहे, पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी आपली नावं शहरातून काढून आमच्या यादीत घातलीत, हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं. ते कुणी काढलं नाही. दुसरी फेरी मागवली.

शनिवारी पहाटे व्हर्ना मचाणावर चढली. उजाडेपर्यंतच बसणार होती. उजाडलं आणि देवदारांतून एक नर बाहेर आला. तसा नर तिनं जन्मात बघितला नव्हता. शिंगं अशी की मान तोलून चालत होता. तिनं बार टाकला. नर पडला नाही, दलदलीकडं धावला. आता जखमी जनावर सोडून देतो तो शिकारी नव्हे, ही आमची रीत. ती रक्तामागं गेली, दलदलीत शिरली, गाठलं, पोट फाडून साफ केलं, दोराला बांधून ओढत आणलं आणि गाडीत घातलं.

टाउन हॉलच्या दारात ती पोचली तेव्हा आत खुर्च्या दुमडून भिंतीला लावत होते. तिचे हात कोपरापर्यंत लाल, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर शिकारीचं नारिंगी जाकीट.

"झालं?" तिनं विचारलं.

कॉफीची किटली विसळणारी म्हातारी म्हणाली, "कवाच झालं. बंगल्यावरची झाडून समदी आली व्हती. गावातनं आमी तीन म्हाताऱ्या, आन् पाय मोडलेला पाद्री. आमी हात वर केला, त्येनी केला. त्येंचे लय निघाले."

"ऑरिन?"

"त्येला बी घावलं म्हनं. आठ टोकांच्या शिंगांचं."

बाहेर येऊन गाडीतल्या त्या नराला व्हर्नानं एक लाथ घातली. त्याचं मांस तिनं स्वतः खाल्लं नाही आणि कुणाला दिलंही नाही, अख्खं कुत्र्यांना घातलं. आमच्या गावात हे पाप आहे. तिला ठाऊक होतं.

तो हिवाळा वाईट गेला. गावानं सोडलेला रस्ता व्हिटलोकडं गेला; उतारावर आता त्याचं लोखंडी फाटक, त्याला साखळी आणि पितळी कुलूप. खोपट्या बर्फावर न्यायला आम्ही दलदलीपलीकडं गेलो, ओजिब्वेंच्या वाटेनं जाऊ का विचारायला. त्यांच्यातला एक म्हातारा दारात उभा राहून पोट धरून हसला. "आता तुमाला बी रेटलं व्हय?" म्हणाला. "जावा, जावा. जाताना वाट झाडून जावा." जाऊ दिलं त्यानं. पण ते हसू आम्हाला आख्खा हिवाळा पुरलं. बारमध्ये जो तो दुसऱ्याला बोल लावायचा. दोनदा खुर्च्या उडाल्या. व्हर्नानं बारमध्ये येणंच सोडलं.

एप्रिलअखेर बर्फ फुटलं. सगळ्या बंगल्यांचे धक्के हिरवळीवर आडवे पडलेले. फोन यायला लागले. व्हर्ना सगळ्यांना एकच सांगायची, "तराफा न्याया वाट न्हाई. व्हिटलोला इचारा." आणि फोन आपटायची. ही बातमी बारमध्ये आली तेव्हा आम्ही उभं राहून ग्लास उंचावले. म्हटलं, आता कसा वठणीवर येतोय बघा.

व्हिटलो आला तिच्या अंगणात. ती धक्क्यांच्या पायांचे लोखंडी पाइप घेऊन त्यांचा गंज खरवडत होती.

"बाई, मेच्या शेवटी सुट्ट्या लागतात. माझे नातू येणार आहेत."

"पव्हाया शिकव त्यास्नी."

"मी भांडायला आलो नाही. ही किल्ली. तुमच्यासाठी. तुम्ही या, तराफा घाला, काढा. फक्त प्रत्येक वेळी मागं कुलूप लावायचं. तुमच्याशिवाय कुणी आत आलेलं मला चालणार नाही."

"गावाला उघड. मंग करते धक्के."

"गावानं मत दिलंय."

"गाव जंगलात व्हतं."

"तो गावाचा प्रश्न आहे." तो खिशात हात घालून उभा राहिला. "हे बघा, जिल्ह्याच्या ठिकाणी एक कंपनी आहे. ते ट्रकवरच्या क्रेननं जमिनीवरूनच धक्के उतरवतात. त्यांना उतार लागत नाही. बाकीच्यांशी मी बोललोय. त्यांना तुम्हीच हव्या आहात, सवयीच्या म्हणून. पण सोमवारपर्यंत थांबतील, पुढं नाही."

"क्रेननं तुमच्या हिरवळी फाटतील."

"हिरवळ परत उगवते."

व्हर्ना खरवडायची थांबली. साठीला आलेली बाई. दुसरं काही येत नाही, येत असतं तरी गावात दुसरं काही नाही. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, नुसता हात पुढं केला. किल्ली हातात पडल्यावर म्हणाली, "आता जा हितनं. तुजं तोंड बघितलं की मला मळमळतंय."

ही गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली. कुणीतरी तिच्या गाडीच्या काचेवर कुजका मासा घासला. जिथं तिथं पाठ फिरवायला लागले. ज्यांनी सभेच्या दिवशी हरणं सोलली तेच सगळ्यात पुढं होते.

सोमवारी सकाळी तिनं फाटक उघडलं, तराफा ओढत आत नेला आणि कुलूप लावायला माघारी आली. फाटकाबाहेर ऑरिनची गाडी उभी. मागं होडी, होडीत गळ आणि आमिषाचा डबा.

"नुसती साखळी अडकीव," ऑरिन म्हणाला. "कुलूप नगं लावू. कोन बघतंय?"

"लावायचं ठरलंय."

"कुनासंगं ठरलंय? त्या वकिलासंगं?"

"ज्यो सभेला आला त्येच्यासंगं."

"व्हर्ना, तुज्या आयनं मला वाढवलं. एका ताटात जेवलोय आपुन."

"एका जंगलातबी व्हतो."

"तूबी व्हतीस की! तू काय सभेत बसली व्हतीस?"

"न्हाई. म्हनून तर तुला तोंडावर बोलतीया. दुसऱ्या कुनाला त्यो हक्क न्हाई."

"भाड्या लोकांची चाकर झालीस," ऑरिन म्हणाला आणि थुंकला.

"झाली. धक्के काय तू ठोकनार व्हय?"

कुलूप दाबल्याचा आवाज आला. ऑरिननं गाडी मागं घेतली. रस्ता अरुंद, होडी वाकडी जात होती, चारदा पुढं-मागं करावं लागलं. व्हर्नानं मदतीला हात केला नाही. किल्ली तिनं रबरी तुमानीच्या आत, छातीशी टाकली, कमरेचा दोर आवळला आणि पाण्यात उतरली. पाणी बर्फाचंच होतं अजून. व्हिटलोच्या घरापुढं पोचल्यावर तिनं पहिला पाइप उभा धरला, हातोडा उचलला आणि ठोकायला लागली.