गोणी ज्याची असेल त्यानं न्यावी

सुमन गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. मी तिथंच होते. तिच्या पुढच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर बाजाराची पिशवी घेऊन बसले होते. आम्हाला साडेआठच्या एसटीनं पाचोडच्या बाजाराला जायचं होतं. माझं माहेर तिकडचं, आणि थंडी सुरू झाली की बाजरी आणि गावरान लसूण तिथूनच आणायचा, असा आमचा दोघींचा वर्षानुवर्षांचा नेम. ती न्हाणीघरात होती. नळाचा आवाज येत होता, म्हणून मला वाटलं, डोकं धुतेय. बऱ्याच वेळानं मी हाक मारली. मग दार वाजवलं. मग ओरडले. समोरच्या फ्लॅटमधले आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले आणि दार त्यांनीच खांद्यानं तोडलं. हे लिहायलाच हवं, नाहीतर मी खोटी ठरेन. तिला उचलून जिन्यावरून खाली त्यांनीच नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गॅस गिझर आहे का?" मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही…

पुरवणीच्या संपादकबाईंनी सुमनवर लिहाल का म्हणून विचारलं, तेव्हा एकच अट घातली, कुणाचं नाव घेऊन आरोप नको. ठीक आहे. नाव घेत नाही. पण गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहायचं असतं, ते मला जमणार नाही. सात आठवडे झाले, माझ्या जिभेवर गोड काही टिकत नाही. ज्यांना हे वाचून झोंबायचं त्यांना झोंबेल, आमच्या बिल्डिंगमध्ये पेपर सगळेच घेतात.

सुमन एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होती. तीस वर्षं तिनं परीक्षानळ्या धुतल्या, स्पिरिटचे दिवे भरले, मास्तर वर्गात चुकीचं सांगायला लागले की मागून हळूच खोकली. शाळेतली मुलं तिला बाईच म्हणायची. ती एकटी राहायची, नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिचं दुकानदाराशी भांडण झालेलं मी ऐकलं. त्यानं गॅस गिझर भिंतीवर ठोकला आणि हात झटकून निघाला होता. ही त्याला म्हणत होती, "आन् धूर कुठं जायचा?" तो म्हणाला, "बाई, शहरात सगळ्यांकडं असंच आहे. खिडकी उघडी ठेवा." ती म्हणाली, "थंडीत न्हाताना खिडकी कोण उघडी ठेवतं? तुमची बायको ठेवती का?" शेवटी ती स्वतः शहागंजात गेली, एका म्हाताऱ्या पत्रेवाल्याला घेऊन आली, आणि त्याच्याकडून गिझरच्या डोक्यापासून थेट गच्चीच्या कठड्याच्या वरपर्यंत पत्र्याचा पाइप बसवून घेतला. वर पावसासाठी टोपी. पत्रेवाला एक वळण जास्त देत होता, तर तिनं ते काढायला लावलं. जितकी वळणं कमी तितका धूर सुखानं वर जातो, हे तिनं त्याला शिकवलं आणि त्यानं मुकाट्यानं ऐकलं. मी दारात उभी राहून हसत होते. आमची मैत्री त्या पाइपापासूनची.

"हसतीस काय," ती मला म्हणाली. "गॅस जळाया हवा लागती. न्हाणी बंद असली, वर जायाला वाट नसली, की त्याचं इख व्हतं. त्याला वास नाय, रंग नाय. माणसाला नुसती झोप येती, आन् बस." तिच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलं की मला पाठ झालं. पण तिचा बोलण्यावर भरवसा नव्हता, बघण्यावर होता. रोज सकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढं वंदना झाली की तांदळाच्या वाटीत खोचलेली उदबत्ती ती उचलायची, न्हाणीघरात जायची, गिझर पेटवायची आणि त्याच्या वरच्या फटीशी उदबत्ती धरायची. धूर आत ओढला गेला की पाइप ठीक. धूर खोलीत परतला की गिझर बंद, आंघोळ गार पाण्यानं. मी तिला चिडवायची, की देवाला दिलेली उदबत्ती गिझरला कशी चालते गं? ती म्हणायची, "बुद्ध म्हणला का, डोळं मिटून इस्वास ठेव म्हनून? त्यानं तर बघून घ्याया सांगितलं."

आता कुरडयांकडं येते. समोरच्या सेक्रेटरींचं गाव, शेती, गडीमाणसं, सगळं अजून आहे. दर उन्हाळ्यात त्यांच्या गावाहून गव्हाच्या गोण्या येतात आणि त्यांच्या सौभाग्यवती गच्चीवर साड्या अंथरून कुरडया घालतात. या चैत्रात त्या जिन्यात सुमनला म्हणाल्या, "तुमच्या पाइपाचा वास लागतो हो आमच्या कुरडयांना." सुमन म्हणाली, "ताई, होळी झाली की माझा गिझर बंदच असतो. सिलिंडर काढून सैपाकघरात लावलाय. चला, दाखवते." त्या म्हणाल्या, "तसं नाही हो… पण वास लागतो." सुमन हसली आणि घरात आली. दार लावल्यावर तिचं हसू गेलं. वास कशाचा, ते तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं, कारण मी त्याच मातीतली, त्याच जातीतली आहे. माझ्या माहेरच्या ओसरीवर हा वास मी लहानपणापासून ओळखते. सुमनच्या घरातून निघालेली हवा त्यांच्या कुरडयांवरून जाऊ नये, एवढंच होतं ते. बंद गिझरची हवा. नसलेली हवा. मी म्हणाले, जाऊन बोलू का? तर सुमन म्हणाली, "कशाला? कुरडया वाळतील, वासबी जाईल."

तिचं तिसऱ्या दिवसाचं झालं आणि मी गच्चीवर गेले. का गेले, सांगता येत नाही. पोलिसांनी पंचनाम्यात "न्हाणीघरात हवा खेळती नाही" एवढं लिहून घेतलं होतं, आणि ते मला सहन होत नव्हतं. त्या बाईनं हवेसाठी दुकानदाराशी भांडण केलं होतं. वर जाऊन पाहते तर पाइपाच्या टोपीवर गोणी. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेली गव्हाची गोणी, टोपीवरून खाली ओढून सुतळीनं करकचून आवळलेली. उन्हानं विटलेली, पावसानं चिखलाळलेली, म्हणजे उन्हाळ्यापासून तिथंच असलेली. कुरडया वाळल्या, डब्यात भरल्या गेल्या, तळून खाऊन झाल्या असतील, आणि गोणी सोडायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. सुमनचे गुडघे गेलेले, ती गच्चीवर चढत नव्हती. गोणीवर निळ्या रंगानं दोन अक्षरं होती. आमच्याकडं गावाहून ट्रकनं धान्य येतं तेव्हा गोण्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून घराची अक्षरं टाकायची पद्धत आहे. ती अक्षरं कुणाची, हे लिहीत नाही, अट आहे. आणि गाठ दावणीची होती. बैलाचं दावं खुंट्याला बांधतात ती, ओढली की आणखी घट्ट होणारी. शहरातला माणूस ती गाठ मारत नाही.

सोसायटीची मीटिंग झाली. मी गोणी सगळ्यांपुढं ठेवली. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वावटळीत उडून आली असेल. उन्हाळ्यात केवढी वावटळ सुटते." मी विचारलं, "वावटळीनं दावणीची गाठ पण मारली का?" एक जण म्हणाले, "वहिनी, झालं ते झालं. गेलेलं माणूस येणार आहे का?" दुसरे म्हणाले, हवं तर ज्यांच्या ज्यांच्याकडं गॅस गिझर आहे त्यांनी विचार करावा, पण उगाच शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कटुता नको. म्हणजे जिचा पाइप होता ती मेली, आणि ज्यांच्याकडं पाइपच नाही ते माझी समजूत घालत होते. मला त्या खोलीतल्या प्रत्येकाचा राग आला. तो अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

घरी आले आणि ती गोणी धुऊन, चौघडी करून, माझ्या दाराबाहेर पायपुसणं म्हणून टाकली. अक्षरं वर. माझं दार आणि त्यांचं दार समोरासमोर, मध्ये चार पावलं. वर भिंतीला कागद चिकटवला: "ही गोणी वाऱ्यानं आली आहे. ज्याची असेल त्यानं ओळख सांगून न्यावी." मग काय, दूधवाला, पेपरवाला, कुरिअरवाला, वरच्या मजल्यावरची पोरं, ज्याला माझ्याकडं यायचं त्याचे पाय त्या दोन अक्षरांवर. गुलमंडीतून माझ्याकडं फॉल-पिकोला साड्या घेऊन येणाऱ्या बायकांना मी मुद्दाम दारात उभं करून बोलत ठेवायची. "पाय पुसा हो नीट," म्हणायची. सेक्रेटरी रोज सकाळी फिरायला निघताना दार उघडायचे, नजर खाली जायची, आणि मान वर न करता ते जिना उतरायचे. मी तेव्हा दाराच्या भोकातून बघत असायची. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. चहापेक्षा बरं वाटायचं.

माझा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, हे लहान मुलांसारखं आहे. सोडून दे ना." मी म्हणाले, "त्यांनी एकदा म्हणावं, गोणी माझी आहे. सोडते." तो म्हणाला, "ते असं कधीच म्हणणार नाहीत." मी म्हणाले, "मग पाय पुसत राहतील लोक." सौभाग्यवती एकदा डबा घेऊन आल्या. दारातच रडायला लागल्या. म्हणाल्या, "ह्यांना जेवण जात नाही हो. उचला ना ते." मी विचारलं, "कुणाची आहे?" त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि डबा पुढं केला. डब्यात काय होतं ते मी उघडून पाहिलं नाही. तसाच परत दिला. कुरडया असत्या तर माझ्या हातून काय झालं असतं कुणास ठाऊक.

गेल्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सेक्रेटरी. आंघोळ झालेली, कपडे धुतलेले, पण माणूस सात आठवड्यांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला. मी उंबऱ्याच्या आत, ते बाहेर, मध्ये गोणी. त्यांनी चपला बाजूला काढल्या, त्या अक्षरांवर पाय न ठेवता खाली वाकले आणि गोणी उचलली. झटकली. घडी घातली. छातीशी धरली. मग म्हणाले, "वहिनी, गोणी माझी हाय." शहरात इतकी वर्षं काढून त्यांचं बोलणं सुधारलेलं होतं, ते त्या एका वाक्यापुरतं गावाकडचं झालं. "गाठ मीच मारली. दोन दिवसांनी सोडीन म्हनलं व्हतं. ध्यानातच ऱ्हायलं नाय." ते उभे राहिले. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबले असतील. मी म्हणाले, "बरं." ते गेले.

मला वाटलं होतं, ज्या दिवशी हे ऐकीन त्या दिवशी छातीवरचा दगड उतरेल. मी दार लावलं, आत येऊन बसले आणि वाट पाहिली. काहीच उतरलं नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, तेही सांगून टाकते. पण दाराबाहेर आता पाय पुसायला काही नव्हतं, आणि त्या मोकळ्या फरशीकडं बघताना मला कळलं की इतके दिवस मी ती गोणी कशासाठी तिथं टाकली होती. लोकांनी खाली बघावं म्हणून. माझ्याकडं बघू नये म्हणून.

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी सुमननं सिलिंडर परत गिझरला जोडला होता. होळीनंतर पहिल्यांदाच. "इतक्या महिन्यांनी लावला की आधी धूर बघायचा," हा तिचाच कायदा. त्या सकाळी वंदना झाली, तिनं उदबत्ती वाटीतून उचलली, न्हाणीघराकडं निघाली. मी बाजाराची पिशवी घेऊन येऊन बसले होते, घड्याळाकडं बघत होते. मी म्हणाले, "राहू दे ना गं सुमे आजच्या दिवस. गाडी सुटंल. तू आधी आंघोळ उरक." ती थांबली. "पाचच मिनटं," म्हणाली. मी म्हणाले, "तुझी पाच मिनिटं मला माहीत आहेत." ती हसली. "बरं बाई," म्हणाली, आणि उदबत्ती परत वाटीत खोचली.

उदबत्ती तिनं गिझरशी धरून बघितली असती तर धूर खोलीत परतला असता. ती गार पाण्यानं न्हाली असती, मला दोन शिव्या घातल्या असत्या, आणि दुपारी आम्ही पाचोडला बाजरीवरून घासाघीस केली असती. गोणी तिथं असूनही. मी खुर्चीवर बसून त्या उदबत्तीचा धूर बघत होते. मूर्तीपुढं तो सरळ वर जात होता. आत पाणी वाहत होतं. उदबत्ती संपून राख पडली, तेव्हा मी पहिली हाक मारली.

तिच्या भावानं घर आवरलं, तेव्हा ती तांदळाची वाटी मी मागून घेतली. जळून उरलेली काडी तिच्यात अजून तशीच उभी आहे. या लेखात कुणाचं नाव छापायचं नाही असं ठरलं आहे. पण लेखाखाली माझं छापा. आडनावासकट.