साठ दिवसांची झिनिया

दह्याचा रिकामा डबा बघून ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच आहे, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझ्या नवऱ्याचे हे मावसभाऊ, म्हणजे माझे भावजी. बॉथेल नावाच्या पावसाळी गावात आमच्यापासून चार घरं सोडून भाड्याच्या टाउनहाउसात राहायचे. मार्च उजाडला की त्यांच्याकडे माणसांना बसायला जागा नसे. डब्यांना बुडाशी भोकं पाडून त्यांत झेंडू, ॲस्टर, कॉसमॉस पेरलेले असत, आणि ते डबे खिडक्या, फ्रिजचा माथा, एवढंच काय, इस्त्रीचं टेबलसुद्धा अडवून बसत. आमच्याकडे उन्हाचा भारी तुटवडा. जरा कुठे सूर्य दिसला की भावजी रोपांचा ट्रे गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून ऊन असेल तिथे पार्क करत आणि तिथूनच मीटिंगला हजर होत. मॅनेजरने एकदा कॅमेरा ऑन करायला सांगितला, तेव्हा टीमला आधी ॲस्टर दिसले, मग भावजी.

त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. एका डब्यात वीस रोपं उगवली तर अठरा उपटायची असतात, हे त्यांना तत्त्वतः मान्य होतं, पण हात धजायचा नाही. मग ती अठरा रोपं कागदी कपांत बसायची आणि संक्रांतीच्या वाणासारखी वाटली जायची. त्यांच्याकडे जेवायला गेलेला माणूस रोप घेतल्याशिवाय सुटला नाही. वर आठवड्याने व्हिडिओ कॉल. मी आपली केस सारखे करून बसायची, आणि भावजी म्हणायचे, "वहिनी, जरा बाजूला व्हा, रोप दिसत नाहीये."

गेल्या वर्षी मेमध्ये त्यांची नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाला त्यानंतर साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी मिळाली नाही तर अमेरिकेतून गाशा गुंडाळायचा. आम्ही धीर द्यायला निघणार, तोच भावजी दारात, हातात झिनियाच्या बियांचं पाकीट. "वहिनी, तुमच्या मागच्या अंगणात एक वाफा मिळेल? आमचं घर राहील न राहील. तुमचं स्वतःचं आहे."

मला रागच आला. म्हटलं, "भावजी, ही काय वेळ आहे का फुलं लावायची?"

"पाकिटावर लिहिलंय, साठ दिवसांत फूल. मलाही तेवढेच दिलेत. बघू कोणाचं आधी होतं."

मग रोज सकाळी यायचे. पाणी घालायचे, गोगलगायी वेचायचे आणि आमच्या पायरीवर बसून लॅपटॉपवर अर्ज करायचे. नकार आला की उठून तण काढायचे. जून संपेपर्यंत वाफ्यात तण औषधालाही उरलं नव्हतं. मी चहा द्यायची आणि आत येऊन डोळे पुसायची.

पन्नासाव्या दिवशी नोकरी मिळाली, पण पार चँडलरला, वाळवंटात, आणि लगेच हजर व्हायचं होतं. झिनियाला तेव्हा नुसत्या कळ्या होत्या. भावजी वाफ्याशी क्षणभर उभे राहिले आणि मला एकही सूचना न देता गेले.

ते गेल्यावर आठवड्याने पहिलं फूल उमललं, लालभडक. फोटो पाठवला तर लगेच भावजींचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, ते तोडू नका हं. झाडावरच वाळू द्या आणि बी मला पाठवा. इथे लोक सप्टेंबरात पेरतात म्हणे. माती आणून ठेवलीय."

देवाला वाहायला म्हणून मी कात्री घेऊनच उभी होते. ती खिशात टाकली. "हो भावजी," म्हटलं आणि झारी उचलली.